गडवाभर पाऊस

आमच्या घराच्या मागे दहा-बारा पावलांवर तारेचं कुंपण आहे, आणि कुंपणाच्या आत हवामानाचं मशीन उभं आहे. उंच लोखंडी खांब. वर वाऱ्याने फिरणाऱ्या तीन वाट्या, खाली सोलरची प्लेट, मधे पांढऱ्या थाळ्यांची उतरंड आणि तिच्या पोटात थर्मामीटर. बाजूला बुटक्या खांबावर पाऊस मोजायचा डबा. गावात सगळे त्याला चक्री म्हणतात. जागा आमच्या वावराच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाकडची. झाड नाही, भिंत नाही अशी मोकळी जागा शोधत मशीन बसवणारे लोक आले होते. माझ्या नवऱ्याने हो म्हटलं, आणि देखरेखही त्यांच्याच गळ्यात पडली.

गळ्यात पडली म्हणते, पण त्यांना ते आवडलं होतं. सकाळी उठून आधी ते कुंपणात जात, मग चहा. प्लेटवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायची. डब्याच्या नरसाळ्यात चिमण्यांची घाण, निंबाचा पाला, कोळ्याचं जाळं काही अडकलं असेल तर काढायचं. थाळ्यांमध्ये गांधीलमाश्या घर करत, ते मोडायचं. पावसाळ्यात गवत वाढू द्यायचं नाही. तारांच्या पेटीत एक पुडी असते, तिच्यात दाणे असतात. दाणे निळे असले म्हणजे ठीक, गुलाबी झाले म्हणजे आत ओल शिरली. ते मला हाक मारून दाखवत, "पाय इकडं, निळे हायत." मी दारातूनच मान हलवायची. कुंपणात मी फारशी गेले नाही. महागाची वस्तू, आपला हात लागून काही बिघडेल अशी भीती वाटायची.

तो डबा मात्र त्यांनी मला एकदा उघडून दाखवला होता. नरसाळ्याच्या खाली तराजूच्या पारड्यांसारख्या दोन इवल्या वाट्या असतात. एक भरली की कलते, पाणी सांडते, टिक असा आवाज होतो आणि दुसरी वर येते. एक टिक म्हणजे अर्धा मिलिमीटर पाऊस. मशीन त्या टिका मोजून आपलं आपण वर पाठवतं. कुठे पाठवतं ते मला माहीत नव्हतं, अजूनही नीट माहीत नाही.

मशीन असूनही हे वही ठेवत. मशीन तपासायला वर्षातून दोनदा यवतमाळहून एक मेकॅनिक यायचा. त्याने त्यांना एक जुनं मापाचं भांडं दिलं होतं. ते कुंपणातच एका खुंटावर बसवलेलं होतं. रोज सकाळी साडेआठला हे त्यात डोकावत आणि वहीत लिहीत. पाऊस असला तर आकडा, नसला तर निरंक. उन्हाळ्यातही रोज. पानंच्या पानं निरंक, निरंक.

माझा चुलत दीर शेजारीच राहतो. तो चिडवायचा, "दादा, कोरडं भांडं रोज काय पायता? अंडं घालते का ते?"

"तुले नाही समजणार."

"आन् तुमच्या चक्रीले म्हणा, मोजून राह्यली तं थोडा पाडून बी दे."

"पाडणारा येगळा हाय बावा," हे म्हणायचे. "मी त्याचा तलाठी. जेवढा पडला तेवढाच लिहीन, एक थेंब इकडचा तिकडं नाही."

गावातले लोक पेरणीच्या दिवसांत यायचे. काल किती झाला, मागच्या वर्षी या तारखेला किती झाला होता, हे वही काढून सांगायचे. त्यांनी सांगितलं की तो विषय संपला. बाकी कशात गावात यांना फार कोणी विचारत नव्हतं. तीन एकराचा धनी, बोलणंही कमी. पण पावसाच्या गोष्टीत यांचा शब्द चालायचा.

मेकॅनिक आला की मी चहा करायची आणि कप दाराच्या उंबऱ्यावर ठेवून आत जायची. खिडकीतून पाहायची. तो आधी पेटी उघडून काहीतरी खुडखुड करायचा, पाठ आमच्याकडे असायची. मग मापाची बाटली काढून नरसाळ्यावर उलटी लावायचा. पाणी थेंब थेंब आत जायचं. हे डब्याला कान लावून टिका मोजायचे आणि तो मोबाईलवर पाहायचा. दोघांचा आकडा जुळला की हसायचे. जुळला नाही तर मेकॅनिक डब्याखालचे स्क्रू फिरवायचा, पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आला का ते पाहायचा आणि पुन्हा बाटली लावायचा. तासभर चालायचं ते. मला इतकंच कळलं होतं की तपासणीचं पाणी ओतलं तरी त्या दिवशी गावात पाऊस झाला असं कोणी म्हणत नाही. मी समजून चालले की मशीनला पाऊस आणि ओतलेलं पाणी यातला फरक कळतो. एवढी हुशार वस्तू, तिला एवढं कळणारच. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर यांनी दोन वाक्यांत सांगितलं असतं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात यांचं पोट फुगायला लागलं. नेरला दाखवलं, मग यवतमाळला मोठ्या दवाखान्यात बारा दिवस होतो. डॉक्टर चांगला होता, मला बाजूला घेऊन बसवून सांगितलं की आता घरी घेऊन जा, जे खावंसं वाटेल ते द्या. पोरगी वणीला दिलेली आहे, ती येऊन आठ दिवस राहिली. तिची लेकरं लहान, तिला परत जावं लागलं.

घरी आल्यावर यांना घरात पडवत नव्हतं. मी आणि दीर मिळून बाज परसात न्यायचो, कुंपणाजवळ, जिथून मशीन दिसेल. ऊन आलं की घराच्या सावलीत सरकवायचो. हात थरथरायचा म्हणून लिहिणं माझ्याकडे आलं. चौथीनंतर मी कधी काही लिहिलं नव्हतं. सकाळी साडेआठला मी भांड्यात पाहायची, येऊन सांगायची आणि त्यांच्यासमोर लिहायची. माझं अक्षर पाहून एकदा म्हणाले, "निरंकातला र पाय, कसा पाय पसरून बसला." तेवढंच हसले होते ते त्या महिन्यात.

साफसफाईही मीच करायला लागले. भीती होती, पण ते बाजेवरून सांगत, तसं करायची.

पाऊस सुरुवातीला बरा झाला. पेरण्या झाल्या, सोयाबीन गुडघ्याला आलं आणि मग आभाळ उघडं पडलं. एक आठवडा, दुसरा आठवडा. फुलं गळायला लागली. दुपारी पानं उलटी होऊन पांढरी दिसायची. काळ्या जमिनीला भेगा पडल्या, त्यांत माझं पाऊल जाईल एवढ्या. लोक येऊन यांना विचारायचे, "भाऊ, किती दिवस झाले?" ते बोटांवर नाही, वहीवरून सांगायचे. विम्याचं असं असतं की ठरावीक दिवस लागोपाठ पाऊस नसला तर महसूल मंडळातल्या सगळ्या शेतकऱ्यांना काही मिळतं. मंडळाचा पाऊस म्हणजे आमच्या मागच्या चक्रीचा पाऊस. हे मला त्या वेळी अर्धंच माहीत होतं. पुरुष बोलायचे, मी आत असायची.

यांची तब्येत रोज उतरत होती. डोळे मिटून पडायचे. मधेच विचारायचे, "आला का?" मी म्हणायची, "नाही अजून." पुन्हा थोड्या वेळाने, "आला का?" ते पोराची वाट पाहावी तशी वाट पाहत होते. मला ते सहन होत नव्हतं.

एका सकाळी गावातल्या पोरापोरींनी धोंडी काढली. अंगाला निंबाचे डहाळे बांधून घरोघरी जातात, घरच्या बाईने त्यांच्यावर पाणी ओतायचं, म्हणजे पाऊस येतो म्हणतात. आमच्या अंगणात आली तेव्हा मी गडवाभर पाणी ओतलं. पाणी निंबाच्या पाल्यावरून जमिनीवर पडलं आणि मागून यांचा आवाज आला, "आला का अवं?" उठून बसायला पाहत होते. मी धावत गेले. "नाही, धोंडी आली होती." ते परत पडले. तोंड पलीकडे फिरवलं.

पोरं गेल्यावर गडव्यात थोडं पाणी उरलं होतं. मी ते घेऊन कुंपणात गेले.

मी काय करते आहे ते मला कळत होतं, असं नाही. मेकॅनिकला पाहिलं होतं तसंच केलं. नरसाळ्याच्या काठावर गडवा टेकवला आणि धार नाही, थेंब थेंब सोडलं. टिक. मग थोडा वेळ काहीच नाही. टिक. बाज तीन-चार पावलांवर होती. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण पांघरुणावरचं बोट हललं. टिक. पुन्हा बोट हललं. ते मोजत होते. गडवा संपेपर्यंत मोजत होते. चेहरा इतका शांत झाला होता की मला वाटलं झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तसंच केलं. या वेळी पूर्ण गडवा भरून नेला.

दोन्ही दिवस मापाचं भांडं कोरडंच होतं. त्यात मी पाणी टाकलं नाही, ते मला खोटं वाटलं असतं. वहीत निरंक लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं, "वहीत काय लिहिलं आज?"

मी घाबरले. म्हटलं, "निरंक."

त्यांनी मान चक्रीकडे वळवली. मग म्हणाले, "बरोबर."

त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे ते गेले. त्याच दिवशी सायंकाळी, सगळं आटोपून माणसं परत येत होती तेव्हा, खरा पाऊस आला. लोक म्हणाले, भाऊसाठी थांबला होता. मी रडले नाही त्या वेळी. दुसऱ्या दिवशी साडेआठला उठून भांड्यात पाहिलं आणि आकडा लिहिला. घरात आलेल्या बायका एकमेकींकडे पाहत होत्या.

त्यांना जाऊन महिना झाला नव्हता. एका सकाळी दीर घाईघाईने आला. "वहिनी, दादाची वही द्या बरं. इम्याच्या यादीतून गावाचं नाव कटून राह्यलं."

"काहून?"

"अवो, त्या सुक्या दिवसांत आपल्या चक्रीनं पाऊस दाखवला. दोन दिवस. धूळ बी बसली नव्हती आन् म्हणे पाऊस पडला! मशीन बिघडलं असन. दादानं लिहून ठेवलंच असन, दाखवतो तालुक्यात."

मी वही दिली. तेव्हाच मला समजलं. मशीनला फरक कळत नव्हता. माझ्या गडव्यातलं पाणी पाऊस म्हणून मोजलं गेलं होतं, आणि लागोपाठ कोरडे दिवस मोडले होते. मी दिराला थांबवायला हवं होतं. तो फाटकापर्यंत गेला, मी तोंड उघडलं, आणि नुसतं म्हणाले, "चहा घेऊन जा." तो म्हणाला, "नको वहिनी, येतो."

आठ दिवस मी तशीच राहिले. भाकरी थापताना, कपडे धुताना तेच. सांगितलं तर गाव काय म्हणेल, आणि यांच्या नावाचं काय होईल. देखरेख त्यांची होती. लोक म्हणतील, ज्याने एक थेंब इकडचा तिकडे केला नाही, त्याच्याच घरातून खोटा पाऊस गेला.

मग एके दिवशी तालुक्याहून एक साहेब आणि नेहमीचा मेकॅनिक आले. दीर आणि गावातली पाच-सहा माणसं बरोबर. मी खिडकीशी उभी होते. मेकॅनिकने बाटली लावली. डब्याला कान लावणारं कोणी नव्हतं, तो एकटाच मोबाईलवर पाहत राहिला. मग म्हणाला, "मशीन एकदम बरोबर आहे, साहेब. काही दोष नाही."

"मग वही चुकली," साहेब म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. वही त्यांच्या हातात होती, पानं उलटत होते. "आजारी माणूस होता तुमचा. हे अक्षर तर बाईचं दिसतंय. बसल्या जागी लिहिलं असेल निरंक. मागचंही असंच अंदाजाने असणार."

दीर म्हणाला, "नाही साहेब, दादा तसा माणूस नव्हता."

"मी नाव नाही ठेवत. पण दोन्हीतलं एकच खरं असू शकतं ना?"

एक जण हळूच बोलला, "म्हणजे इतके वर्षं आपण उगाच इचारत होतो का त्याले?" दुसरा हसला. वाईट हसला असं नाही, असंच हसला.

मी दाराबाहेर आले. उंबऱ्याच्या पुढे इतक्या माणसांसमोर मी कधी आले नव्हते. पदर हातात धरला होता. पहिल्यांदा बोलले ते कोणाला ऐकूच गेलं नाही. मेकॅनिकने विचारलं, "काय म्हणता, ताई?"

"वही खरी हाय," मी म्हटलं. "पाणी म्या टाकलं."

"कुठं टाकलं?"

"त्या डब्यात. गडव्यानं. दोन दिवस. त्यांना आवाज ऐकाचा होता."

दिराने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "वहिनी, हे आधी काहून नाही सांगतलं? मी वही घेऊन तालुक्यात भांडून राह्यलो होतो."



मेकॅनिक पेटीकडे गेला आणि मला जवळ बोलावलं. पेटीतली एक काळी तार दाखवली. "तपासणीच्या आधी मी ही काढतो, ताई. डब्याची तार. काढली की टिक मशीनमध्ये जात नाही, माझ्या मोबाईलवर येते. पाणी ओतून झालं, सगळं कोरडं झालं, की परत लावतो. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

कोणी सांगितलं नाही असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "म्या इचारलं नाही."

साहेबांनी मला कागद दिला. मी माझ्या हाताने लिहिलं की या दोन तारखांना नरसाळ्यात पाणी मी टाकले, पाऊस नव्हता, वहीत लिहिलेले खरे आहे. खाली सही केली. साहेबांनी वहीच्या पानांचे फोटो काढले आणि वही दोन्ही हातांनी परत दिली. "मघाशी बोललो ते मनावर घेऊ नका," म्हणाले.

कागद वर गेला. पुढे कळलं की त्या दोन दिवसांच्या आकड्यावर खूण केली आहे, पण विम्याची मुदत निघून गेली होती. गावाला काही मिळालं नाही. शेजारच्या गावांना मिळालं, त्यांचं मंडळ वेगळं. कोणी माझ्या तोंडावर बोललं नाही. पण जी बाई रोज वावरात जाताना दारावरून हाक मारायची, ती आता पलीकडच्या वाटेने जाते. तिचं दोन एकर सोयाबीन होतं, शेंगा धरल्याच नाहीत. मी तिला काय सांगणार? सांगायचं ते एकदा सगळ्यांसमोर सांगून झालं.

कुंपणाला कुलूप बसलं. किल्ली दिराकडे आहे. मापाचं भांडं मेकॅनिकने मला बाहेर काढून दिलं, ते मी परसात मोकळ्या जागी एका खुंटावर बसवलं आहे. वही चालू आहे. ज्या बाजूने आकडे लिहिते तिच्या उलट बाजूने, मागच्या कोऱ्या पानांवर, हे लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही.

एक गोष्ट मला सुटत नाही. त्यांनी मोजलं तो पाऊस त्यांना खरा वाटला होता का? त्यांच्या अंगावर थेंब पडला नव्हता, मातीचा वास आला नसेल, पत्र्यावर आवाज नव्हता, आणि निरंक म्हटल्यावर ते बरोबर म्हणाले. म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि माहीत होतं तर तार काढलेली नाही, मला ती काढता येत नाही, हेही माहीत होतं. एक थेंब इकडचा तिकडे न करणारा माणूस, माझ्यासाठी गप्प राहिला का? की बोलायची ताकदच उरली नव्हती? कधी वाटतं, पाऊस समजूनच गेले असते तर बरं झालं असतं. कधी वाटतं, नको, ते खोटं त्यांना आवडलं नसतं. दोन्हीकडून मलाच टोचतं.

या वर्षी पावसाळ्याच्या आधी मेकॅनिक आला. दीर किल्ली घेऊन आला होता. मी उंबऱ्यावर चहा ठेवून आत जात होते तर मेकॅनिकने हाक मारली, "ताई, या इकडे." मी कुंपणात गेले. गवत वाढलं होतं. बाजेच्या पायांचे खड्डे बाहेर अजून दिसत होते, दोन तर नीट दिसत होते.

"काढा," तो म्हणाला.

मी काळी तार काढली. त्याने बाटली लावली. मी डब्याला कान लावला. लोखंड तापलेलं होतं. टिक व्हायची तसतसं माझं बोट आपोआप मुडपत होतं.

बाटली संपल्यावर दिराने विचारलं, "किती झाले?"

मेकॅनिक मोबाईल पुसून पाहायला लागला. मी आकडा सांगितला. त्याचाही तोच निघाला. कोणी हसलं नाही. सगळं कोरडं झाल्यावर मी तार परत लावली, दोनदा दाबून पाहिली. दिराने कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

त्या दिवसाचं वहीत लिहिलं. निरंक.